कोणता रंग कुणाचा?

विद्यार्थ्यांच्या छंदांविषयी वार्षिक अंकातून दरवर्षी एखादा तरी लेख येतो. तिकिटे जमविणे, नाणी जमविणे, वाचन, गायन, गिर्यारोहण यांपैकी काहीतरी त्यात असते. विणकामावर मात्र कुणी लिहिलेले माझ्या पाहण्यात नाही. याचे कारण उघड आहे. विणकाम हा छंद नव्हेच, ते आजीने दुपारी करावयाचे काम, अशी आपली समजूत. त्यातून नांदेडसारख्या गावी लोकर आणि सुया घेऊन बसलेली मुलगी म्हणजे वाळवंटात होडी बांधणारा माणूस! वसतिगृहातील मैत्रिणी विचारतात, "काय करायलीस गं? मे महिन्यात घालणार का हे?" मी हसते आणि ओळ पूर्ण करते. ओळ अर्धी सोडून बोलायला लागले, की हमखास टाका सुटतो.

या लेखात विणकामाचे गुणगान करावे, असा माझा हेतू नाही. दोन सुयांवर काम करीत असताना रंगांविषयी जे विचार मनात आले, ते आपल्यापुढे मांडावेत एवढीच इच्छा आहे. माझे म्हणणे थोडक्यात असे, की आपल्या मराठवाड्याने रंगांवर जीव तोडून प्रेम केले आहे. आणि तरीही कुणी कोणता रंग अंगावर घालावा याविषयी जितकी कुंपणे आपण घातली, तितकी आपल्या शेतांनाही घातलेली नाहीत. ही कुंपणे काढली पाहिजेत.

आधी थंडीविषयी. आपल्याकडे थंडी नसते, हे अर्धसत्य आहे. मे महिन्यात पारा बेचाळीस-त्रेचाळीस अंशांवर जातो हे खरे; परंतु डिसेंबर-जानेवारीत पहाटेच्या वेळी गोदाकाठी उभे राहून पाहावे. शेजारच्या परभणीला तर कृषी विद्यापीठाच्या वेधशाळेत पारा पाच अंशांच्याही खाली उतरल्याच्या बातम्या आपण वाचलेल्या आहेत. आपली थंडी कोरडी, पहाटेची आणि थोडक्या दिवसांची असते. म्हणून येथील विणणारीने काश्मीरचे नमुने उचलून चालत नाही. पूर्ण बाह्यांचा, गळाबंद स्वेटर येथे दहा वाजताच अंगावरून उतरतो. आपल्या हवेला बिनबाह्यांची बंडी, कानटोपी, मफलर, खांद्यावरची लहान शाल आणि तान्ह्या लेकरांची कुंची-मोजे हीच खरी विणकामे. गेल्या हिवाळ्यात मी दोन बंड्या, तीन कानटोप्या, एक शाल आणि एक बाळाचा संच एवढे काम केले. अभ्यास सांभाळून केले, हे प्राध्यापकांच्या माहितीसाठी नमूद करते.

विणकामात खरा आनंद कशाचा, असे मला कुणी विचारले तर मी उबेचे नाव घेणार नाही. ऊब बाजारात मिळते. दिवाळी झाली, की आपल्या गावोगावी तिबेटी विक्रेत्यांची दुकाने लागतात आणि लुधियानाच्या यंत्रांवर विणलेले स्वेटर घासाघीस करून घेता येतात. हाताने विणायला लागणारी लोकर विकत घ्यावी, तर कित्येकदा तेवढ्यात तयार स्वेटर येतो. शिवाय श्रम निराळे. पाठ आणि छाती यांचे प्रत्येकी शंभर टाके आणि एकशेचाळीस ओळी धरल्या, तर दोन्ही मिळून अठ्ठावीस हजार टाके होतात. बाह्या धरल्या तर आकडा चाळीस हजारांपुढे जातो. हा हिशेब पैशाच्या वहीत कधीच जुळणार नाही. मग मी विणते कशासाठी? रंगासाठी. बाजारातला स्वेटर दुसऱ्याने ठरविलेल्या रंगाचा असतो. माझ्या सुयांवर कोणता रंग कोणत्या रंगाशेजारी बसेल, हे मी ठरविते. वजिराबादेतल्या दुकानात लोकरीचे गुंडे फळीवर ओळीने मांडलेले पाहिले, म्हणजे माझी अवस्था जत्रेतल्या पोरासारखी होते. आंबा, डाळिंबी, मोरपंखी, चिंतामणी, जांभळा, शेवाळी, गुलबक्षी! ही नावे नुसती उच्चारली तरी तोंडाला चव येते.

हे रंगाचे वेड माझे एकटीचे नाही, ते या मुलखाचे आहे. भूगोलाच्या पुस्तकात मराठवाडा काळ्या मातीचा आणि कमी पावसाचा प्रदेश म्हणून येतो. वर्षातील पाच-सहा महिने डोळ्यांना काळा, करडा आणि वाळलेल्या कडब्याचा रंग सोडून दुसरे दिसत नाही. जेथे निसर्ग रंगांच्या बाबतीत कंजूष असतो, तेथे माणूस ते स्वतःच्या अंगावर घेतो असे मला वाटते. राजस्थान हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण. परंतु एवढ्या दूर जाण्याचे कारण नाही. किनवट-माहूरकडे जाताना एखादा तांडा लागतो. त्यातील वयस्क बाईचा फेटिया आणि कांचळी पाहावी. तांबडा, पिवळा, निळा, त्यावर भिंगे, कवड्या आणि भरगच्च टाके! ओसाड माळावरून ती चालली म्हणजे माळच उजळतो. कोणत्याही कलामहाविद्यालयात रंगसंगतीचा धडा न घेता तिच्या आजीने आणि पणजीने हे साधलेले आहे.

मार्गशीर्ष वद्य चतुर्दशीला लोहा तालुक्यात माळेगावची यात्रा भरते. ऐन थंडीत खंडोबाच्या भंडाऱ्याने माणसे, घोडे आणि वाटा पिवळ्या होऊन जातात. लाल पटका बांधलेला आणि खांद्यावर काळे घोंगडे टाकलेला धनगर तेथे पाहावा. ती रंगसंगती चित्रकाराने उचलावी अशी आहे. लगेच येणाऱ्या अमावस्येला लातूरकडे वेळ अमावस्या असते. त्या दिवशी गाव ओस पडते आणि शेते भरून जातात. कडब्याची कोप उभी करतात, तिच्यावर रंगीत वस्त्र पांघरतात, आणि हिरव्या हरभऱ्याच्या नि ज्वारीच्या रानात आंबील-भज्जीची पंगत बसते. या मुलखाला रंग आवडत नाहीत, असे कोण म्हणेल?

घोंगड्याविषयी दोन शब्द अधिक लिहिते, कारण लोकरीशी आपले नाते त्यानेच जोडले. दख्खनी मेंढीची लोकर राठ असते. ती सुयांवर विणून अंगाला लावली, तर टोचेल. म्हणून तिचे कापड हातमागावर विणतात आणि चिंचोक्याची खळ देऊन घट्ट करतात. काळा, तपकिरी, पांढरा हे मेंढीचेच रंग त्यात येतात. सूत बायकांनी कातायचे आणि मागावर पुरुषाने बसायचे, ही पद्धत. तेव्हा विणणे हे बायकी काम होय, असे म्हणणाऱ्या माझ्या वर्गबंधूंनी जरा थांबावे. युरोपातही मध्ययुगाच्या अखेरीस विणकऱ्यांचे संघ निघाले, ते पुरुषांचे होते. आणि १५८९ साली मोजे विणण्याचे पहिले यंत्र करणारा विल्यम ली हा इंग्रज पुरुषच होता. मिळकत होती तोवर काम पुरुषाचे राहिले, मिळकत गेली तेव्हा ते बायकी झाले.

आता रंग येत कोठून, ते पाहू. आपल्या कोरडवाहू रानात करडई उभी असते. तिच्या तेलाची आपल्याला माहिती आहे, पण पूर्वी तिची फुले रंगासाठी खुडली जात. कुसुंबी रंग तो हाच. त्या पाकळ्यांत दोन रंग असतात: पिवळा पाण्यात विरघळून जातो, आणि तो धुऊन काढल्यावर क्षारयुक्त पाण्यात तांबडा उतरतो. किनवटच्या जंगलातला पळस केशरी-पिवळा देतो. वसमत-नांदेडची हळद लोकरीवर झटकन चढते. पण उन्हात तितक्याच झटकन उडते. निळीचे झाड तर हिंदुस्थानच्या नावानेच जगभर ओळखले गेले. हे सारे रंग सुंदर खरे, पण महाग, कष्टाचे आणि बहुतेक कच्चे. पक्का, गडद रंग ही श्रीमंतांची मिरास होती. पैठणी आणि हिमरू आपल्या मराठवाड्याची. परंतु ती विणणाऱ्यांपैकी किती घरांतील बायकांनी ती नेसली असेल, याचा विचार करावा.

ही मिरास मोडली ती एका विद्यार्थ्याने. १८५६ साली लंडनमध्ये रसायनशास्त्र शिकणारा अठरा वर्षांचा विल्यम पर्किन ईस्टरच्या सुटीत घरच्या प्रयोगशाळेत कोळशाच्या डांबरापासून निघणाऱ्या पदार्थांवर प्रयोग करीत होता. त्याला हिवतापावरचे क्विनीन तयार करावयाचे होते. ते साधले नाही; भांड्याच्या बुडाशी जे उरले, त्याने कापडाला सुरेख जांभळा रंग दिला. तेथून कृत्रिम रंगांचे युग सुरू झाले. १८९७ साली जर्मन कारखान्यातील कृत्रिम नीळ बाजारात आली आणि निळीच्या शेतीचा कणा मोडला. चंपारणच्या ज्या शेतकऱ्यांसाठी १९१७ साली गांधीजी उभे राहिले, त्यांच्या हालांमागे या बदलाचाही हात होता. रंगाचा इतिहास निव्वळ सौंदर्याचा नाही, हे आपण विसरू नये. तरीही एक गोष्ट मान्य केली पाहिजे. आज दुकानात आपण ज्याला लोकर म्हणतो, ते पुष्कळदा मेंढीचे नसून खनिज तेलापासून केलेले ॲक्रिलिक असते. शुद्धतेचा आग्रह धरणारे नाक मुरडतील. परंतु या स्वस्त आणि पक्क्या रंगाच्या धाग्यामुळेच राणीचा जांभळा रंग मजुरणीच्या लेकराच्या टोपीवर आला. मला यात आनंद वाटतो.

म्हणजे रसायनशास्त्राने आपले काम चोख केले. आता कोणताही रंग कुणालाही परवडतो. परंतु समाजशास्त्र मागे राहिले! किंमत गेली, तरी परवानगी उरली.

पहिली परवानगी कातडीची. सावळ्या मुलीने पिवळे घालू नये, लाल घालू नये, तिला फिक्का रंगच बरा दिसतो, हे वाक्य ऐकल्याशिवाय आपल्याकडे कोणती सावळी मुलगी मोठी झाली आहे? मी झालेली नाही. गंमत अशी, की याच महाराष्ट्राचे दैवत सावळे आहे, आणि त्या सावळ्या विठोबाला आपण हौसेने पिवळा पीतांबर नेसवितो. देवाला जो रंग शोभतो तो त्याच वर्णाच्या भक्तिणीला का शोभू नये? सावळ्या अंगावर गडद पिवळा उजळून दिसतो, हे चित्रकलेचा कोणताही विद्यार्थी सांगेल. शंका असल्यास करडईच्या फुलांमागची काळी माती पाहावी.

दुसरी परवानगी मुलगा आणि मुलगी यांची. आमच्या शेजारच्या वहिनींना बाळ होणार म्हणून मी कुंची विणायला घेतली, तेव्हा दुकानदार म्हणाला, "ताई, मुलगा धरून निळी देऊ, का मुलगी धरून गुलाबी?" त्याला काय सांगावे? पोटातले मूल मुलगा की मुलगी हे सांगणे आपल्या देशात १९९४च्या कायद्याने गुन्हा आहे, आणि त्या कायद्याची गरज का पडली हे आपण सारे जाणतो. शिवाय हा निळ्या-गुलाबीचा नियम आपला नव्हेच. तो जेथून आला त्या अमेरिकेतही १९१८ साली बालकपड्यांच्या एका व्यापारी मासिकाने मुलांना गुलाबी आणि मुलींना निळा असा नेमका उलटा सल्ला दिला होता! पुढे तो फिरला, आणि आपण त्याला जणू वेदवाक्य मानून बसलो. मी पोपटी आणि केशरी कुंची विणली. मोठेपणी तर मुलांची स्थिती अधिक केविलवाणी होते. आमच्या वर्गात पाहावे: करडा, काळा, गडद निळा! याला अपवाद आमच्या शीख मित्रांचा. रोज सकाळी पगडीचा रंग निवडणारा तरुण याच गावात आहे. आज मोतिया, उद्या डाळिंबी, परवा आकाशी. त्यांच्या पौरुषाला कुठे बाधा आल्याचे मला तरी दिसले नाही.

तिसरी परवानगी झेंड्यांची. हल्ली ही फार कडक झाली आहे. मी हिरवा मफलर विणला, तर एक जण अर्थपूर्ण हसतो. निळी टोपी विणली, तर दुसरा पक्ष विचारतो. केशरी विणली, तर तिसरा खूश होतो आणि चौथा गप्प बसतो. अरे, हिरवा चुडा भरल्याशिवाय आपल्याकडे नवरी नवरी होत नाही! निळा रंग भीमसैनिकांचा तसा हजूर साहिबच्या निहंगांचाही, आणि मोराचाही. केशरी तर पळसाने कोणत्याही पक्षाला विचारून घेतलेला नाही. रंगांवर सत्तेची नजर असते, याचा इतिहास जगभर आहे. दुसऱ्या महायुद्धात नॉर्वे नाझींच्या ताब्यात असताना तेथील लोक निषेध म्हणून लोकरीच्या लाल टोप्या घालू लागले. १९४२ साली त्या टोप्यांवर बंदी आली. साध्या विणलेल्या टोपीचे एवढे भय! त्या लोकांनी लाल रंग स्वतः निवडला होता, हे महत्त्वाचे. निवडलेला रंग माणसाला उभे करतो आणि लादलेला रंग त्याला खाली बसवितो. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी स्त्रियांना आपली नेसण्याची रीत बदलण्यास आणि अस्पृश्यतेची खूण ठरलेले दागिने टाकण्यास सांगितले. वेष ही क्षुल्लक गोष्ट असती, तर त्यांच्यासारख्या पुरुषाने एवढ्या मोठ्या लढ्यात तिच्यासाठी वेळ काढला नसता.

चौथी परवानगी मात्र या साऱ्यांहून क्रूर आहे. ती मी माझ्या मावशीच्या बाबतीत पाहिली.

मावशी लातूर जिल्ह्यातील एका खेड्यात राहते. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला आगगाडीने पाणी आणावे लागले, हे सर्वांच्या स्मरणात आहे. त्याच वर्षी काकांनी आपला जीव दिला. मावशी तेव्हा सत्तावीस वर्षांची होती. पुढे तिने शेत सांभाळले, दोन लेकरे शिकविली, बँकेचे हप्ते फेडले. गाव तिचे कौतुक करते. पण त्या वर्षापासून तिच्या अंगावर करडा, मातकट, फिक्का यांखेरीज रंग नाही. कुणी तसा हुकूम काढलेला नाही. हुकूम असता, तर तो मोडता आला असता. लाल काठाचे लुगडे नेसून ती एकदा बाहेर पडली, तेव्हा दोन बायका एकमेकींकडे पाहून गप्प झाल्या, एवढेच घडले. तेवढे पुरे झाले.

गेल्या दिवाळीत मी लोकरीचे अकरा गुंडे तिच्यापुढे मांडले आणि म्हणाले, "मावशी, तुला बंडी विणते. रंग तू सांग." तिने डाळिंबी गुंडा हातात घेतला, जरा वेळ दाबून पाहिला आणि खाली ठेवला. मग राखाडी उचलून म्हणाली, "हाच बरा हाय माय. आम्हाला काय करायचंय आता रंगाचं?"

विणकामात दुहेरी विणीचा एक प्रकार आहे. एकाच सुईवर दोन्ही बाजूंचे टाके एकाआड एक असतात आणि दोन धागे बरोबर चालतात. काम पूर्ण झाले म्हणजे एका बाजूला एक रंग आणि दुसऱ्या बाजूला दुसरा येतो. उलटी बाजू म्हणून उरतच नाही. लोकर दुप्पट लागते, वेळ दुपटीहून अधिक लागतो. मी मावशीची बंडी अशी विणली. एकीकडे राखाडी, दुसरीकडे डाळिंबी. देताना म्हणाले, "कोणती बाजू वर, ते तुझं तू ठरव." प्रथम ती राखाडी बाजूच वर ठेवी. रात्री दार लावल्यावर बंडी उलटून घाली, असे धाकट्या मावसभावाने मला सांगितले. वेळ अमावस्येला मात्र शेतात ती डाळिंबी बाजू वर घालून आली. पंगतीत जरा शांतता पसरली. मग तिच्या सासूबाईंनीच पुढे होऊन विचारले, "आंबील घे ना गं, उभी का?" आणि पंगत सुरू झाली.

ही गोष्ट गोड शेवटाची म्हणून मी सांगत नाही. दुसऱ्या दिवशी गावात ती पुन्हा राखाडी बाजू वर घेऊनच वावरली. शेतात एक रंग आणि गावात दुसरा! ज्या बाईने कर्ज, दुष्काळ आणि मरण यांना तोंड दिले, तिला डाळिंबी रंग कातडीच्या बाजूला लपवून घालावा लागतो, याची लाज तिला नव्हे, आपल्याला वाटली पाहिजे. मराठवाड्यात शेतकऱ्यांच्या आत्महत्यांनी किती तरुण बायका एकट्या पडल्या आहेत, हे येथे बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. आपण त्यांच्यासाठी परिसंवाद घेतो. परिसंवादाला त्या येतात त्या फिक्क्या रंगात, आणि आपण ते पाहून न पाहिल्यासारखे करतो.

बदल होत नाही असे नाही. ४ मे २०२२ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने विधवा प्रथेविरुद्ध ठराव केला. बांगड्या फोडणे, कुंकू पुसणे, मंगळसूत्र आणि जोडवी काढणे हे गावात बंद करावे, असे ठरले. त्याच महिन्यात राज्य शासनाने इतर ग्रामपंचायतींना हा कित्ता गिरविण्यास सांगणारे परिपत्रक काढले. हेरवाडचे अभिनंदन केलेच पाहिजे. परंतु लुगड्याच्या रंगाविषयी ठराव कोण करणार? दोन बायकांच्या गप्प होण्यावर परिपत्रक कसे काढणार? ते काम ग्रामपंचायतीचे नाही, आपले आहे. प्रत्येक घरात काठाचा रंग पाहून गप्प होणारे कुणीतरी असते. त्याने गप्प न होता "छान दिसतंय" एवढे म्हणावयाचे आहे.

काही जण म्हणतील, की देशापुढे बेकारी, पाणी, शिक्षण असे गहन प्रश्न असताना ही मुलगी स्वेटरच्या रंगावर पाने भरीत बसली. त्यांना माझे नम्र उत्तर असे, की पोटाचा प्रश्न मोठा आहे. पण पोट भरल्यावरही ज्या माणसाला आनंदाचा हक्क नाकारला जातो, त्याचे माणूसपण अर्धेच मान्य झालेले असते. रंग हा आनंदाचा सर्वांत स्वस्त प्रकार आहे. तोही आपण द्यायला तयार नसू, तर महागडे हक्क काय देणार?

विणणारीला एक गोष्ट हाताने कळते. दोन-तीन रंगांची नक्षी विणताना जो रंग समोर दिसत नसतो, त्याचा धागा मागून चाललेला असतो. तो फार ताणला, तर समोरची वीण आकसते आणि सारा तुकडा वाकडा होतो. सैल सोडला, तर बोटे अडकतात. प्रत्येक रंगाला मागे आपली जागा मिळाली, तरच समोरची नक्षी सपाट बसते. समाजशास्त्राच्या तासाला मला जे तीन वर्षांत नीट समजले नाही, ते एका मफलरने समजाविले.

आणि रंगांना एकत्र बसविण्याचे काम आपल्या भागाला नवीन नाही. लातूर जिल्ह्यातील उदगीरला खादीचे कापड विणले जाते आणि नांदेडच्या मराठवाडा खादी ग्रामोद्योग समितीत त्याचे राष्ट्रध्वज शिवले जातात. देशात ध्वजाची खादी तयार करणारी ठिकाणे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी आहेत, आणि त्यांत आपले हे एक आहे. ३० डिसेंबर २०२१च्या दुरुस्तीनंतर पॉलिस्टरच्या आणि यंत्रावर केलेल्या झेंड्यांनाही परवानगी मिळाली, तेव्हा हाताने विणणाऱ्यांपुढे तेथेही माझ्यासारखाच हिशेबाचा प्रश्न उभा राहिला असेल. पण मला सांगावयाचे ते निराळे. केशरी, पांढरा, हिरवा आणि मधल्या चक्राचा निळा, इतके रंग एका कापडावर भांडण न करता बसविण्याचे कसब ज्या दोन जिल्ह्यांच्या हातांत आहे, त्या जिल्ह्यांतील तरुणांनी मफलरच्या रंगावरून एकमेकांची जात-पक्ष ओळखत बसावे, हे शोभत नाही.

म्हणून माझ्या दोन सूचना आहेत. पहिली अशी, की महाविद्यालयात एक लहानसे विणकाम मंडळ काढावे आणि त्याचे दार मुलांनाही उघडे असावे. १९६२ साली चीनशी युद्ध झाले तेव्हा देशभरातील स्त्रियांनी जवानांसाठी स्वेटर विणले होते. सुया हातात घेऊन देशसेवा करता येते, याचा हा पुरावा. आपण दरवर्षी प्रत्येकी एक बंडी अथवा शाल विणू आणि आपापल्या गावातील एकट्या बाईला देऊ. अट एकच: रंग तिने निवडावयाचा, आणि तो निवडताना आपण गप्प बसावयाचे नाही, नाकही मुरडावयाचे नाही. दुसरी सूचना त्याहून सोपी आहे, तिला लोकर लागत नाही. घरी जाल तेव्हा आईला, आत्याला, काकूला, आजीला विचारा, की तुला मनातून कोणता रंग आवडतो. पुष्कळ घरांत हा प्रश्न आजवर कुणी विचारलेलाच नाही. उत्तर मिळायला वेळ लागेल. तेवढा वेळ थांबा.

कोणता रंग कुणाचा, या प्रश्नाला माझ्या मते एकच उत्तर आहे. ज्याला तो आवडला, त्याचा.